तेरावी पायरी

"म्हणजे माझा निबंध शेळ्यांच्या खोकल्याशेजारी ठेवणार तुम्ही?"

डॉक्टर निरंजन उपासनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होते.

"क्रमाने येईल तिथे," बुवा म्हणाले. "खोकला सकाळी आला. तू दुपारी आलास."

टेकडीवरच्या जुन्या पिठाच्या गिरणीत बुवांचं खुलं संशोधन-भांडार होतं. कुणीही आपलं संशोधन आणून जमा करावं, कुणीही फुकट वाचावं. गिरणीचं यंत्र गेलं, तिथे संगणक आला. पीठ मात्र अजून भिंतींतून झडतं, आणि दमट हवेत त्या संगणकाला भाकरीचा वास येतो म्हणतात. मी स्वतः हुंगून पाहिलंय. ज्वारीच्या.

बुवा तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर दाढी वाढली म्हणून लोक बुवा म्हणू लागले, वैराग्याचा त्यात काही संबंध नाही. उपासनी त्यांच्याच हाताखाली पुस्तकं शोधायला शिकले होते.

दुसऱ्या दिवशी उपासनींची प्राध्यापकपदाची मुलाखत होती. निबंध एखाद्या खुल्या भांडारात जमा करून त्याचा कायमचा क्रमांक आज सहाच्या आत विद्यापीठाला कळवायचा होता. क्रमांक नाही, तर मुलाखत नाही.

निबंध विहिरींवर होता. शंभर वर्षांतली पाणीपातळी. त्यात एक शोध होता. भर उन्हाळ्यात उतरणारं पाणी एकोणीस दिवस जागच्या जागी थांबतं, मग एकदम खाली जातं. या थांबण्याला उपासनींनी नाव दिलं होतं... 'उपासनी विसावा'. दुसरं नाव सुचलंच नाही, असं ते नम्रपणे सांगत.

"बुवा, इथे काहीही आहे हो."

"आहे."

"चिंचोक्याचा डिंक न जमल्याचा अहवाल. न जमल्याचा. मार्गदर्शक वारले म्हणून अर्धा राहिलेला प्रबंध. अंगाईगीतांची ध्वनिमुद्रणं, त्यात पोरगं झोपतच नाही. देवळातल्या मुंग्यांच्या वाटांचा नकाशा. नऊशे पानांचा एक प्रबंध, आणि शेवटी वाचकांची माफी."

"माफी चांगली लिहिलीय," बुवा म्हणाले. "पण तिथवर कुणी पोचत नाही."

"उद्या समितीने माझा निबंध उघडला, की शेजारी हे सगळं दिसणार. चांगल्या कामांचा वेगळा विभाग नको?"

"कर."

"मी?"

"तुला कळतं चांगलं काय ते. मला तीस वर्षांत कळलं नाही."

उपासनींनी बाह्या सरसावल्या.

"एकच नियम," बुवा म्हणाले. "ही पट्टी काढायची नाही."

पडद्याच्या वरच्या कडेला बिस्किटाच्या पुड्याच्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती. शीर्षक आणि लेखकाचं नाव तिच्याखाली झाकलं जायचं. खाली कोपऱ्यात नोंदीचा क्रमांक तेवढा दिसायचा.

"हे कशाला?"

"नाव दिसलं की माणसं पुढचं वाचत नाहीत."

उपासनी बसले. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काढून टाकावे'. खाली क्रमांक पडू लागले.

दीड वाजला. अडीच वाजले. दर पाच मिनिटांनी खुर्ची करकरायची आणि उपासनी उसासा टाकायचे. तो उसासा असा, की भिंतीतलं वीस वर्षांपूर्वीचं पीठ खाली यायचं. साडेतीनपर्यंत त्यांचे केस पांढरे झाले होते. वयाने नव्हे.

"बुवा, हे ऐका. 'आज पाणी अकराव्या पायरीला. आज अकराव्या. आज बाराव्या. कळशी पडली, सापडली नाही.' हे काय आहे?"

"काय आहे?"

"कुणा बाईची घरची वही आहे. रोज पायरी मोजतेय, वरून खाली. दुसरं काही नाही."

"पुढे वाच की."

"काय पुढे वाचू? बावीस वर्षं पायऱ्याच आहेत. मधेच कळशी, मधेच लग्नाची बोलणी. याला संशोधन म्हणायचं?"

बुवा सुपारी कातरत राहिले.

उपासनींनी कागदावर लिहिलं, 'सतराशे बारा'. खाली दोन रेघा ओढल्या.

पाच वाजता यादी पुरी झाली. एकसष्ट क्रमांक. उपासनींनी ती बुवांच्या हातात दिली, पाहुण्यांना अहेर द्यावा तशी.

"एवढे काढलेत की भांडार स्वच्छ."

"बरं." बुवांनी यादी मांडीवर ठेवली. "आता तुझा निबंध घेऊ. संदर्भ वाच."

भांडाराची ही दुसरी रीत होती. जमा करणाऱ्याने आपल्या निबंधाचे संदर्भ क्रमांकासकट मोठ्याने वाचायचे, बुवांनी ऐकायचे. जे साहित्य याच भांडारातलं असेल, त्याला बुवा पेन्सिलीने खूण करत.

"सगळे वाचू? चौऱ्याऐंशी आहेत हो. वाजले किती बघा."

"वाच."

उपासनी आगगाडीसारखे सुटले. पहिले पाच संदर्भ परदेशी होते, ते जरा थांबून थांबून वाचले.

"सहावा. याच भांडारातली नोंद. क्रमांक सतराशे बारा..."

बुवांची पेन्सिल थांबली.

उपासनीही थांबले.

बुवांनी मांडीवरची यादी उचलली. दोन रेघांवर पेन्सिल टेकवली आणि यादी उपासनींसमोर धरली.

"चुकून झालं असेल," उपासनी म्हणाले.

"पुढचा वाच."

पुढचे वाचताना आवाज उतरत गेला. चौऱ्याऐंशी संदर्भ संपले तेव्हा 'काढून टाकावे'च्या यादीवर अकरा खुणा होत्या. चिंचोक्याच्या डिंकाला एक. माफीवाल्या प्रबंधालाही एक, विहिरींचे जुने नकाशे त्यात होते.

"यातले तू वाचलेस किती?"

उपासनी चष्मा पुसू लागले.

"अरे बाबा, किती?"

"सगळे उघडून कोण वाचतं, बुवा. एका निबंधाच्या शेवटी यादी होती, तिच्यातून घेतले. नावाजलेला निबंध आहे तो."

"त्याने वाचले होते?"

"असतील ना."

बुवांनी डोळे मिटले. शाळेत तेच गणित सातव्यांदा चुकल्यावर मास्तर मिटतात तसे. मग उठले, संगणकाशी गेले, सतराशे बारा उघडलं आणि बिस्किटाची पट्टी नखाने सोलून काढली.

'खडकवस्तीच्या विहिरीच्या पायऱ्या. नोंद ठेवणार: यमुनाबाई पाचपुते.'

"तुझा विसावा कुठल्या साली?"

"सत्त्याऐंशी. मे महिना." उपासनींचा आवाज जरा बरा झाला. "आकडे पक्के आहेत त्याचे. त्याच नावाजलेल्या निबंधातल्या तक्त्यातून घेतलेत. तक्त्यात मीटर होते बुवा, पायऱ्या नव्हत्या, म्हणून वही ओळखली नाही. नाहीतर..."

बुवांनी सत्त्याऐंशीचा मे काढला आणि बाजूला झाले.

उपासनी वाचू लागले. आधी मोठ्याने.

"'आज पाणी तेराव्या पायरीला. मामंजींना अर्धांगाचा झटका. उद्यापासून जाऊबाई पाणी आणतील.'"

मग हळू.

"'पाहिलं नाही.'"

"'पाहिलं नाही.'"

मग आवाज बंद झाला, नुसतं बोट चालत राहिलं. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर. प्रत्येक तारखेपुढे बाईंनी इमानाने तेच दोन शब्द लिहिले होते. कंटाळा केला नव्हता. बोट एकोणीस ओळी उतरलं.

विसाव्या ओळीवर होतं, 'आज पाणी अठराव्या पायरीला.'

तिथे पान संपलं होतं.

बाहेर कुणाची तरी शेळी खोकली. खरंच खोकली. मी गिरणीच्या पायरीवर बसलो होतो, मला माहीत आहे.

"तक्त्यात रिकामी घरं नव्हती," उपासनी कसंबसं म्हणाले. "तक्ता करणाऱ्याने आधीचाच आकडा खाली ओढला असणार... एकोणीस वेळा."

"असेल."

"पाणी थांबलंच नव्हतं."

"बघायला कुणी नव्हतं."

"सहा वर्षं गेली माझी यात, बुवा. तीन परिषदांत बोललो. टाळ्या झाल्या."

बुवांनी दाढी खाजवली. भिंतीवरच्या घड्याळात सहाला वीस कमी होते. त्यांनी उपासनींचा निबंध पडद्यावर आणला आणि एक बोट कळफलकावर ठेवलं.

"क्रमांक देऊ?"

उपासनींनी वर पाहिलं.

"देऊ शकता?"

"इथे काहीही आहे, तूच म्हणालास. तुझाही घेऊ. कळ दाबायचा अवकाश."

उपासनींनी घड्याळाकडे पाहिलं. बोटाकडे पाहिलं. निबंधाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव ठळक अक्षरांत होतं, आणि पट्टी तर काढलेली होती.

"उद्याची मुलाखत जाईल, बुवा."

"जाईल."

"परत जागा निघायला चार वर्षं लागतात."

"पाच," बुवा म्हणाले.

घड्याळ चालत होतं. सहाला दहा. सहाला पाच. बुवांचं बोट तिथेच, जराही न हलता. म्हातारा माणूस, पण दुखलं म्हणाला नाही.

"थांबा," उपासनी म्हणाले.

"सहा वाजतील."

"वाजू देत."

सहा वाजले. बुवांनी बोट उचललं आणि दुसऱ्या हाताने चोळलं.

उपासनींनी 'काढून टाकावे'ची यादी घेतली, चार घड्या घालून खिशात टाकली. पुन्हा काढली, फाडली. तुकडे कुठे टाकावेत कळेना, म्हणून परत खिशातच ठेवले. केसांतलं पीठ झटकलं. ते चष्म्यावर बसलं.

"बुवा..."

"काय?"

"आता मी काय करू?"

बुवांनी सतराशे बारा पुन्हा उघडलं आणि खुर्ची उपासनींकडे सरकवली.

"पुढचं पान वाच. सासरे बरे झाले का, ते आहे तिथे."