सटवाबानं टाकलेला शब्द

बसा गप. मधी बोललेलं मला चालत न्हाई. चिंचमाळाला नळ न्हवता, रस्ता न्हवता, निस्ती एक खोल हीर व्हती, तवाची गोष्ट हाय. गावाबाहेर खोपीत सटवाबा ऱ्हायचा. घायपाताच्या पानातला वाख, म्हंजी धागा, काढून दोर वळायचा. त्येच्या दोरानं हत्ती बांधला तर हत्ती म्हातारा व्हायचा, दोर न्हाई, असं म्हनत्यात.

त्येच्याकडं पोरं शिकायला यायची. पोरानं दोर वळला की सटवाबा हातात घ्यायचा, दोनदा उलटून बघायचा आन् म्हनायचा, "जमलं." मग गाव त्यो दोर हिरीला लावायचं.

एका उन्हाळ्यात गाळ काढायला त्येची बायको गंगू हिरीत उतरली. दोर म्हादूचा, त्येच्याच हाताखाली शिकलेल्याचा. निम्म्यात तुटला. गंगू गेली.

पंचांनी म्हादूला धरलं. सटवाबा मधी पडला.

"सोडा त्येला. दोर त्येनं वळला, पन जमलं म्हनलो मी. निस्ता बघून म्हनलो."

त्या दिसापास्नं त्येनं त्यो शब्द टाकला. नवा नेम केला. शिकनाऱ्यानं दोर वळायचा, टोकाला फळी बांधायची, आन् त्या फळीवर बसून सटवाबा सवता हिरीत उतरनार. वर दोर धरायचा शिकनाऱ्यानं.

पोरं पळाली. म्हाताऱ्याचं पाप कोन घेईल? वीस वर्सं कुनी फिरकलं न्हाई. खोपीची वाट गवतानं बुजली. सटवाबा दोर हिरीवर ठेवून जायचा, गाव तिथंच भाकरी ठेवायचं. तोंड कुनी बघायचं न्हाई. त्यो दोराशीच बोलायचा आन् पेड आपसूक वळायचे, असं म्हनत्यात. पन हात थकले व्हते. आपल्यामागं ह्या गावाला दोर कोन देनार, ह्येच त्येला खायचं.

मग हौसा आली. नवऱ्यानं टाकलेली बाई.

"बाबा, मला शिकवा."

"मला मारायची तयारी हाय का?"

"न्हाई. म्हनून तर आले."

तिनं दोर वळला. सटवाबा काठावर फळीवर बसला. "सोड खाली."

हौसानं सोडला न्हाई. "आज नको. मधी एक पेड सैल हाय. बोटाला लागतोय."

"मला न्हाई लागला."

"तुमचं बोट म्हातारं झालं, बाबा."

आन् अख्खा दोर उकलला. असं तीनदा. वरीस गेलं. गाव हसलं, म्हनलं, टाकलेली बाई आन् टाकलेला म्हातारा, जल्मभर उकलत बसत्याल. सटवाबा दर खेपंला नवा वाख काढून द्यायचा. चौथ्यांदा हौसाच म्हनली, "बसा."

त्यो बसला. दोर चाळीस हात व्हता. पन सटवाबा जात ऱ्हायला, दोर पुरत ऱ्हायला, शंभर हात गेला, असं म्हनत्यात. आन् मग लई खोलातनं आवाज आला.

"जमलं."

एकवीस वर्सांनी.

दोर हलका झाला. हौसानं वर वढला. गाठ तशीच, पेड तसाच, फळी रिकामी. फळीवर एक हिरवी बांगडी व्हती. गंगूची. खोटं वाटत आसंल तर हिरीत जाऊन बघा, मला इचारू नका.

हौसानं पुढं गावाला दोर दिला, आन् शिकवलाबी तसाच.

आजबी चिंचमाळात कुनी बाज विनायला शिकवली तर शिकवनारा आधी त्या बाजंवर झोपतो. निस्तं बघून जमलं म्हनाल तर म्हातारी मानसं थोबाडीत देतील. आन् उन्हाळ्यात गाळ काढायच्या आधी नव्या दोराला रिकामी फळी बांधून खाली सोडत्यात. सगळं गाव गप उभं ऱ्हातं. खालनं काय आवाज येत न्हाई. मग फळी वर घेत्यात, आन् ज्येनं शिकवलं त्यो तिच्यावर बसतो.

औंदा मी बसलो. दोर माझ्या लेकीचा व्हता. खाली लई गार हाय. वर बघितलं तर आभाळ ताटलीएवढं, आन् जगात दोर धरलेल्या त्या एका पोरीबिगर आपलं कुनी न्हाई असं वाटतं.

तिथनंच त्यो शब्द म्हनायचा असतो. म्हनलो.