शनी तरंगतो

“उस्ताद, एवढं वजन पाण्यानं पेलायचं तरी कसं?”

विहिरीच्या पायरीवर रंगू पैलवान निथळत बसला होता. कमरेला वाळका भोपळा बांधलेला. उस्ताद हैदरबाबांनी असे भोपळे बांधून निम्मं गाव पोहायला लावलं. पण या पठ्ठ्याचा भोपळा सोडला की तो थेट तळाला!

गेल्या पुरात शेजारी हाका मारत होते आणि हा आखाड्याचा वाघ छपरावर बसून रडत होता. म्हणून यंदा त्यानं बचाव पथकात नाव दिलेलं. उद्या परीक्षा.

“माझी साडेसाती हाय. शनीच पाय धरून वढतोय. नाव काढून घेतो.”

बाबा हसले. “तो केवढा आहे, ठाऊक आहे?”

“असंल डोंगराएवढा.”

“आपल्या पृथ्वीसारख्या सातशे पोटात घालील. एवढं धूड, पण साडेदहा तासांत गिरकी मारतं. म्हणून कमरेत फुगलंय, वरखाली चपटलंय. भोवती बर्फाच्या तुकड्यांचं कडं.”

“मग त्योबी माझ्यासारखा बुडणार की!”

“तेवढं तळं मिळालं तर तरंगेल.”

रंगू कानातलं पाणी झटकायला लागला.

“पाण्याहून हलका आहे, मर्दा. बहुतेक सगळा वायू. पाय टेकायला जमीनसुद्धा नाही.”

काठावरून ऐकणाऱ्या माझ्यासारख्या दुकानदाराला हे चटकन कळतं. कापसाचं गाठोडं दोघांनी धरावं लागतं, खिळ्यांची थैली मुठीत मावते. तराजू आकाराला भुलत नाही. रंगूला मात्र पटेना.

“हात दाखव.”

मुठी आवळलेल्या.

“पाण्यात कुणाला धरतोस?”

“...सवय हाय, उस्ताद. हाताला लागंल ते धरायचं. सोडायचं न्हाई.”

बाबांनी त्याचं एकेक बोट उलगडलं. “छातीत वारं भर, अंग सैल सोड.” मग भोपळ्याची गाठ सोडली आणि दिला ढकलून.

पाणी मिटलं...

काठावरची माणसं वाकून बघू लागली.

आधी पोट वर आलं. मग छाती. मग दोन उघडे तळहात.

रंगू उताणा तरंगत होता, अन् हसत होता! काठावर शिट्ट्या, आरोळ्या. कुणी फेटा उडवला तो विहिरीतच पडला.

“उस्ताद! खाली काय बी न्हाई, तरी मी वर हाय! उद्या पथकात म्होरं मीच!”

“दिसतंय.”

“शनिवारी शनीला तेल वाहून येतो!”

“ये वाहून. आणि त्याला तरंगायला शिकवणारा उस्ताद कोण, तेवढं विचारून ये.”