वस्त्र आणि ऊब

एकदा एका वृद्ध प्रसूतितज्ज्ञेपाशी एक तरुण शिष्य शल्यकर्म शिकत होता. तालुक्याच्या गावातले ते लहानसे रुग्णालय; तिथे सारे तिला नुसते ‘बाई’ म्हणत. शिष्याचा हात हलका होता आणि एका कौशल्याचा त्याला विशेष अभिमान होता. नवजात अर्भक तो असे लपेटी, की पानांत मिटलेले कोवळे कणीसच भासावे.

त्या सकाळी कावेरी नावाच्या स्त्रीची प्रसूती शस्त्रक्रियेने झाली. कमरेखालचे अंग बधिर केलेले होते. ती पूर्ण जागी होती. मूल रडले. शिष्याने त्याला पुसून कोरडे केले, श्वास पाहिला, वर्ण पाहिला. सारे यथास्थित होते. छातीपुढे धरलेल्या पडद्याआडून कावेरीने विचारले, “रडतंय ते माझंच का?”

“तुमचंच, ताई. मुलगी झाली.”

“झाली कुठं? तुम्ही काढली,” ती म्हणाली. “मी नुसती पडून होते.” आणि तिने तोंड भिंतीकडे वळवले.

शिष्याने बाळाचे वस्त्र पसरले. तो लपेटण्याच्या कामाला लागला. दाराशी बाळाची आत्या ताटकळत होती. तिने घरातल्या जुन्या लुगड्याचे मऊ दुपटे परिचारिकेच्या हाती दिले आणि बाहेरूनच म्हणाली, “डॉक्टर, हेही गुंडाळा. आमच्यात पोर उघडं ठेवत नाहीत. आणि लवकर आणा बाहेर, उभं राहून पाय मोडले आमचे.” रीतच तशी होती. मूल प्रथम बाहेरच्यांना दाखवायचे; आईला काय, पुढे जन्मभर पाहायचेच असते.

दुपटे गुंडाळताना शिष्याचा हात बाळाच्या पावलांना लागला. ती गार होती. त्याने वर लोकरी वस्त्र घातले. थोड्या वेळाने पाहिले, तरी गारच.

“बाई, पावलं गार लागताहेत. आणखी एक दुलई आणवतो.”

टाके घालणाऱ्या बाईंनी मान वर केली नाही. “सगळं काढ.”

“काय काढू?”

“कपडे. टोपी नि लंगोट राहू दे.”

शिष्य घुटमळला. “बाई, गार पडतंय म्हटलं मी.”

“ऐकलं. म्हणूनच सांगतेय.”

परिचारिकेने कावेरीच्या छातीवरचे वस्त्र सैल केले. उघडे बाळ तिच्या उघड्या उरावर पालथे ठेवले, मान एका बाजूला वळवली, आणि आत्याचे दुपटे दोघींवर मिळून पांघरले. कावेरीने बिचकत एक हात बाळाच्या पाठीशी नेला.

“पडेल हो माझ्या हातून.”

“हा आहे ना उभा,” बाई म्हणाल्या. “आता गुंडाळायला काही उरलं नाही त्याच्याकडं. अरे, नाक मोकळं आहे ना, रंग गुलाबी आहे ना, तेवढं बघत राहा. नजर हलवू नकोस. आणि आत्याबाईंना कोणीतरी खुर्ची द्या.”

शिष्य पाहत राहिला. बाळाची मूठ उलगडली. गाल आईच्या त्वचेवर घासला गेला, ओठ काही शोधू लागले. कावेरीची मान भिंतीकडून केव्हा वळली, हे त्याला कळलेही नाही. मध्येच त्याने पावलांना बोट लावले. ती उबदार झाली होती.

“हे कसं, बाई?”

बाईंनी अखेरचा टाका घातला, मग सावकाश बोलल्या. “वस्त्र ऊब निर्माण करत नाही, असलेली राखते. या जिवापाशी अजून स्वतःची ऊब पुरेशी नाही. म्हणजे तू इतका वेळ गारवाच नीटनेटका बांधत होतास. ऊब होती ती हातभर अंतरावर, पडद्यापलीकडे. आपली सुरी मध्ये आली. यावीच लागली, नाहीतर दोघीही हाती लागल्या नसत्या. पण जो मध्ये येतो, त्याने वेळेवर बाजूलाही व्हावे. आई नि मूल ठीक असतील, तर टाके पुरे होईतोही थांबू नये.”

शिष्याने पुन्हा बाळाच्या नाकाकडे पाहिले. मग वजन करायचे राहिले आहे, हे आठवून त्याने सवयीने दोन्ही हात पुढे केले.

कावेरीचे डोळे मिटलेले होते. तिने हात बाळाच्या पाठीवर घट्ट ठेवला.

“राहू द्या, डॉक्टर. आत्ता कुठं डोळा लागलाय माझ्या पोरीचा.”

शिष्याने हात मागे घेतले आणि तो पुन्हा पाहत उभा राहिला.