मुलीच्या आईचे दुप्पट दिवस

एकदा, समुद्राकाठच्या गावांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, एका गावात यहुदी तेल्यांची वस्ती होती. आठवडाभर त्यांचे घाणे फिरत. शनिवारी मात्र बैल मोकळे, घाणा बंद. तो देवाचा दिवस, शब्बाथ.

तिथल्या एका धाकट्या सुनेला मुलगी झाली. त्यांच्यात रीत अशी, की बाळंतिणीने काही दिवस प्रार्थनेच्या घरात जायचं नाही. मग पाण्यात बुडी मारून जायचं. मुलगा झाला तर चाळीस दिवस, मुलगी झाली तर ऐंशी.

मोठ्या जाऊबाईंना मुलगाच होता. त्या दारातूनच म्हणाल्या, "अगं बाई, मुलीचा विटाळ दुप्पट! बस आता ऐंशी दिवस. आमचं आपलं चटकन उरकलं होतं."

ते शब्द सुनेला लागले. आपण दुप्पट विटाळलो, असं तिला वाटू लागलं. दूध पाजतानासुद्धा ती मुलीकडे बघेना.

चाळीस दिवस झाले तशी ती उठली, मुलीला पाळण्यात टाकलं आणि खाडीवर गेली. आजच बुडी मारावी, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील!

सासू गावची सुईण. ती मागोमाग आली.

"कुठे गं निघालीस?"

"बुडी मारायला. मला नाही राहायचं असं विटाळलेलं."

"शनिवारी आपला घाणा थांबतो तो काय विटाळला म्हणून?"

"नाही आई. देवाचा दिवस म्हणून."

"मग तू का थांबलीस? जीव घडवणं देवाचं काम. ते तुझ्या पोटात झालं. त्यानंतर शब्बाथ नको? आणि मुलीच्या पोटीही उद्या जीव घडायचा. म्हणून चाळीस दिवसांचा एक शब्बाथ तुझा, तेवढाच एक तिचा. आज बुडी मारलीस, तर लेकीचा मान तूच बुडवलास."

सुनेने पाण्यातला पाय मागे घेतला. घरी जाऊन तिने मुलीला उचललं आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. नाक सासूसारखंच बसकं! तिला हसूच आलं.

ऐंशी दिवस भरले. बुडी मारून, नवं लुगडं नेसून, मुलीला उराशी धरून ती भर रस्त्यातून प्रार्थनेच्या घराकडे निघाली.

परगावच्या एका बाईने विचारलं, "एवढा थाट! मुलगा वाटतं?"

"मुलगी!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की घाण्याचे बैलही थबकले.

तेव्हापासून त्या गावात मुलीच्या आईला दुप्पट दिवसांवरून कुणी हिणवलं नाही.

तात्पर्य: आईचं दूर बसणं हा डाग नव्हे, देवाने तिच्या घरी येऊन काम केल्याचा तो मान आहे.