दार नसलेली तालीम

सोनदऱ्याच्या तालमीला दार नाही. दगडी चौकट आहे, उंबरा आहे, दार फिरावे म्हणून दगडात केलेल्या खाचाही आहेत. घाट चढून दमलेले पाहुणे त्या चौकटीला टेकतात आणि हमखास विचारतात, दार मोडले की चोरीला गेले? सध्याचे वस्ताद निवृत्तीआण्णा हौदातली तांबडी माती पायाने सारखी करत ते ऐकून घेतात. मग सगळ्यांना बाहेरच्या ओट्यावर बसवतात आणि सटवाजी वस्तादाची हकिकत सांगतात.

सटवाजी फार जुन्या काळचा. तेव्हा इथे कुस्तीबरोबर मुठीचा खेळही शिकवत. सटवाजीचा ठोसा म्हणे दिसायच्या आधी लागायचा. अंगापासून सुटलेला हात त्याला बिलकूल खपत नसे. काखेत नारळाची करवंटी धरायला लावून तो पोरांकडून ठोसे मारून घेई. कोपर बाहेर गेले की करवंटी पडे, आणि ती पडली की त्या दिवशीचे दूध बंद. हात गरगर फिरवून, लागेल तिथे हाणलेल्या गुद्द्याला तो वेडा हात म्हणे. वेडा हात म्हणजे निव्वळ भीती, आणि भित्र्याने तालमीत यावेच कशाला, असे त्याचे रोखठोक मत. मातीची मूठ उचलून त्याने मारुतीपुढे शपथच घेतली होती, की वेडा हात टाकणारा कोणीही असो, तो पुन्हा या उंबऱ्याच्या आत येणार नाही. अशी शपथ घेताना माणसाला वाटत असते, की ती दुसऱ्यांसाठीच आहे.

त्याचा एकुलता एक मुलगा मालू. अंगाने शेलाटा, पण शिकण्यात तरबेज. सरावात त्याची करवंटी कधी पडली नाही. नागपंचमीच्या खेळाला पंचक्रोशी जमली, तेव्हा मात्र त्याच्यासमोर खालच्या गावचा एक धिप्पाड गडी आला. त्याचा पहिलाच ठोसा छातीवर बसला आणि मालूच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग शिकलेले सगळे कुठे गेले कोण जाणे. डोळे मिटून तो दोन्ही हात नुसते फिरवत सुटला. लोक पोट धरधरून हसले. समोरचा गडीसुद्धा हसत मागे सरला.

सटवाजी हसला नाही. लोक पांगल्यावर त्याने मुलाला उंबऱ्याबाहेर नेऊन उभे केले. "भ्यालेला हात या मातीत चालायचा न्हाई," एवढेच बोलला आणि तालमीचे सागवानी दार आतून लावून घेतले. मालू बराच वेळ ओट्यावर बसून होता, असे सांगतात. एकदा त्याने कडी वाजवली. सटवाजीने ती ऐकली, पण तो उठला नाही. मालूची आई सगुणा भाकरी घेऊन आली, तोवर पोरगा घाटाच्या वाटेने निघून गेला होता. घरी तरी कोणत्या तोंडाने जाणार होता?

सगुणा भांडली नाही. दोन्ही वेळा ताट वाढायची, पण नवऱ्याशी बोलणे तिने टाकले. सटवाजीने वरवर काही दाखवले नाही. तालीम चालू राहिली, करवंट्या पडत राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात दोघे तिच्या माहेरच्या लग्नाला घाट उतरून निघाले होते. तो पुढे, ती मागे. वाटेत करवंदाच्या जाळीतून अस्वल बाहेर आले आणि मागच्या पायांवर उभे राहिले. सटवाजीने पाय रोवले, कोपरे अंगाशी घेतली, अगदी शिकवायचा तसा पवित्रा घेतला. पण त्या पवित्र्याचे अस्वलाला काय कौतुक? ते सरळ अंगावर आले आणि त्याने खांदा फाडला. त्यासरशी सटवाजीची सारी विद्या गळून पडली. डोळे घट्ट मिटून, ओरडत, तो दोन्ही हात वेड्यासारखे फिरवू लागला. त्यातला एक गुद्दा अस्वलाच्या नाकावर बसला. ते गुरगुरत जाळीत शिरले. ते गेले तरी सटवाजीचे हात थांबेनात. शेवटी सगुणाने त्याची मनगटे धरली.

"अवं, गेलं ते," ती म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, "माझ्या मालूनं तरी दुसरं काय केलं हुतं?"

नागपंचमीनंतर ती त्याच्याशी बोललेली ही पहिली गोष्ट. एवढा नावाजलेला वस्ताद तिथेच वाटेत बसला आणि ढसाढसा रडला.

खांद्याची जखम भरून येण्याची वाटसुद्धा न पाहता तो मुलाला शोधत निघाला. बाजार धुंडाळले, यात्रा धुंडाळल्या. कोणी म्हणे, असा पोरगा मिठाच्या तांड्याबरोबर कोकणात उतरला. कोणी आणखी काही. मालू सापडला नाही.

सटवाजी परतला, पण तालमीत पाऊल ठेवीना. शपथ त्याची होती आणि वेडा हातही त्याचाच. तो बाहेर ओट्यावर बसला आणि शिष्यांना दार काढायला सांगितले. त्यांनी ते उतरवून हौदाच्या तळाशी पुरले आणि वर माती लोटली. त्यानंतर मरेपर्यंत सटवाजीने ओट्यावरूनच शिकवले म्हणे, एक डोळा पोरांवर आणि एक घाटाच्या वाटेवर ठेवून.

आजही इथे नव्या पोराला पहिल्या दिवशी करवंटी देत नाहीत. त्याला हौदात उभा करतात आणि डोळे मिटून येतील तसे हात फिरवायला सांगतात. तेवढा वेळ वस्ताद उंबऱ्याबाहेर उभा राहतो. कोणी हसत नाही. पोरगा दमला की वस्ताद आत येतो, त्याची मूठ आपल्या कपाळाला लावतो, आणि मग शिकवणे सुरू होते.

हे ऐकूनही एखादा पाहुणा म्हणतोच, की आण्णा, आता काळ बदलला, एक दार लावून घ्या. आण्णा त्यावर रागावत नाहीत. गेल्या साली व्यायामाचे दोन लाकडी मुदगल चोरीला गेले, हेही ते स्वतःच सांगतात. मग घाटाकडे बघत विचारतात, "अन् मालू आला, आणि दार लावलेलं दिसलं तर?"