एक्केचाळीस पेवांची खूण

“टोकनं आहेत ना जागेवर?” बसय्या स्वामींनी विचारलं.

“आहेत.”

“मग गेलं काय?”

“पेवांचे कागद,” रेवण म्हणाला.

स्वामींचा मठ गावाबाहेर, पेवांच्या माळाला लागून. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं हळदीचं कोठार. हळद भरायची, तोंडावर दगडी झाकण ठेवायचं, वर माती सारखी करायची. वरून पाहणाऱ्याला नुसता माळ दिसतो.

रेवण याच मठात वाढला, शहरात शिकला आणि परत येताना नवी विद्या घेऊन आला. पेवातल्या हळदीचे शंभर हिस्से करायचे, हिश्श्यामागं एक टोकन, म्हणजे मालकीची डिजिटल पावती, आणि ते कुणीही, कुठूनही मोबाइलवर घ्यायचं. त्याच्या शब्दावर एक्केचाळीस पेवं भरली. पहिलं त्याच्याच घरचं.

टोकनांची नोंद जगभरच्या हजारो यंत्रांवर होती, तिला धक्का लागणार नव्हता. पण कुणाचं पेव माळावर कुठं, ते कागद त्यानं एकाच सर्व्हरवर ठेवले होते. चार दिवसांपूर्वी तो सर्व्हर असलेल्या इमारतीला आग लागली आणि सगळे कागद गेले.

“परवा हिस्सेदारांची माणसं येणार. कागद नसले तर व्यवहार मोडणार,” रेवण म्हणाला.

“मालकांना विचार की.”

“मालक आपल्याच मालाबद्दल सांगणार, ते कोण धरणार? त्यात दानाप्पा आणि कल्लाप्पा चिंचेजवळच्या एकाच पेवावर भांडताहेत. सगळी उघडून बघावीत, तर हवा लागून हळद नासेल.”

“एकाच ठिकाणी का ठेवलेस कागद?”

“सगळ्यात भक्कम जागा तीच होती, स्वामी.”

स्वामींनी माळाकडं पाहिलं.

“पेवं बुजवताना गूळ-खोबरं वाटलं होतंस?”

“नाही,” रेवण म्हणाला. पेव बुजवलं की दुसऱ्या गल्ल्यांतल्या तीन घरी गूळ-खोबरं द्यायचं आणि पेवाची खूण सांगायची, ही गावची रीत. यंदा वाटण्याचं काम त्याच्याकडं होतं आणि त्यानं ते हसण्यावारी नेलं. ‘आता काय खोबऱ्यावर नोंदी ठेवायच्या?’ असं मठाच्या याच ओसरीवर, चार माणसांत तो म्हणाला होता. तेव्हा स्वामी नुसतं ‘बरं’ म्हणाले होते.

आता ते म्हणाले, “जा, गंगाकाकूला बोलावून आण.”

लोहार गल्लीतली गंगाकाकू पिठाच्या हातांनीच आली.

“काकू, दानाप्पाचं पेव कुठलं?”

“चिंचंपास्नं बावीस पावलं, उगवतीकडं. कल्लाप्पाचं बत्तीसला. दानाप्पाच्या झाकणाचा कोपरा उडालाय, माती सारून बगा की.”

मग हारून मिस्त्रीला वेगळं बोलावलं. तोही तेच म्हणाला. तिसरा शिदराम म्हातारा. त्यानं दोघांच्या खुणांची अदलाबदल केली. मग तिघं साक्षीदार, रेवण, दानाप्पा आणि कल्लाप्पा माळावर गेले, बावीस पावलांवर माती सारली. झाकणाचा कोपरा उडालेला होता. शिदराम म्हणाला, “माझंच चुकलं जणू.” कल्लाप्पानं डोकं खाजवलं आणि दहा पावलं पुढं जाऊन उभा राहिला.

“पण काकू,” रेवण म्हणाला, “मी तर गूळ दिला नव्हता...”

“न्हाई दिलास. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हटलंबी मी घरात. पर दानाप्पा येऊन खूण सांगून गेला. गूळ न्हाई म्हून खूण इसरायची व्हय?”

रेवण तिथंच मातीत बसला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही.

बातमी फुटली आणि गाव माळावर लोटलं. दानाप्पासारखी सगळ्याच मालकांनी खूण सांगून ठेवली होती; ज्याला त्याला दुसऱ्याचं पेव दाखवायची घाई. दिवस मावळायच्या आत एक्केचाळीस पेवं लागली, प्रत्येकाला तीन-तीन साक्षी. हिस्सेदारांच्या माणसाला रेवणनं फोन केला. तो म्हणाला, “मालक सोडून तिघं, वेगवेगळे विचारून? मग अडचण काय आहे?” रेवणचा जीव भांड्यात पडला.

त्यानं सगळ्या खुणा एका वहीत उतरवल्या आणि वही स्वामींच्या पायाशी ठेवली.

“ही मठात असू दे. याहून भक्कम जागा नाही.”

स्वामींनी आधी गवती छपराकडं पाहिलं, मग रेवणकडं.

रेवण ओशाळून हसला. वही उचलत म्हणाला, “कळलं. टोकनांसारखे कागदही ठिकठिकाणच्या यंत्रांवर ठेवतो. एक जळलं तरी बाकीची सांगतील.”

“ठेव.”

स्वामींनी देवापुढचा गुळाचा खडा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला.

“विहिरीपासून अकरा पावलं, मावळतीला. हे हारूनचं पेव. आता तुझ्याकडं.”

रेवणनं खडा तोंडात टाकला. दोनदा पुटपुटून पाठ केलं. मग त्याला आठवलं...

“आणि स्वामी, आमच्या घरच्या पेवाची खूण?”

“ती तू विसरलास तरी चालेल.”