कातळावरचा आकडा

"आकडा तेवढा कोरायचा आणि निघून जायचं, याला काय शहाणपण म्हणायचं?" टिटवी नदीकाठच्या कातळावर उभी राहून ओरडत होती.

पशुपक्ष्यांना आकडे येत असत, तेव्हाची ही गोष्ट. मोठा पूर कातळापासून किती पावलं वर चढला, ते पूर्वी कोणीतरी कातळावर कोरलं होतं: नऊ. टिटवीला आजच अंडी घालायची होती, आणि तीही पुराच्या पाण्याच्या वर.

"पण नऊ पावलं कोणाची?" तिने कातळालाच विचारलं.

"मला नऊ दिले, मी नऊ जपले," कातळ म्हणाला. "बाकीचं कोणी सांगितलंच नाही."

"आमचीच!" बगळा म्हणाला. "आजोबांचं अक्षर आहे ते."

"बगळेमामा, तुमच्या आजोबांनी मासे सोडून कधी कशाकडे बघितलं होतं का?" खेकडा हसला. "नांगीची खूण आहे ती. पावलं आमची."

टिटवीने दोघांनाही चालायला लावलं. खेकड्याची नऊ पावलं ओल्या वाळूतच संपली. बगळ्याची थेट मुंगसाच्या बिळापाशी पोचली. खाली पाणी, वर मुंगूस. ती गोंधळून मधेच येरझारा घालत राहिली आणि शेवटी होती तिथेच तिने अंडी घातली.

पूर आला, घरट्याच्या वीतभर खाली थांबला आणि ओसरला. पिल्लं सुखरूप बाहेर आली. टिटवीने आनंदाने कातळापासून घरट्यापर्यंत पावलं मोजली, कातळावर ठळक 'वीस' कोरले आणि ती पिल्लांमागे पळाली.

कातळाला चिकटलेली गोगलगाय हळूहळू वर सरकली. आकडा वाचून तिने हाक मारली, "अहो टिटवीताई, वीस काय?"